निळ्याची नोंद

तिसऱ्या मजल्यावर पाहुण्यांसाठी फलक आहे:
भौतिक रसायन, असेंद्रिय रसायन, पदार्थविज्ञान,
मग बाण, बाणांपुढे प्राध्यापकांची नावं.
तळघराकडे एकही बाण येत नाही.
इथे मी कोठी सांभाळते, चाव्या माझ्या कमरेला,
आणि शेजारच्या खोलीत एकेचाळीस वर्षं
हेल्दूर काच फुंकत होता.

वर जे कोणी काही शिजवतं
हवेपासून लपवून, आर्गॉनच्या पांघरुणात,
त्यांच्या नळ्या, तोट्या, सांधे
सगळं याच्या गालांतून गेलेलं.
दुधाने पोळलेला माणूस ताक फुंकून पितो;
हेल्दूर वाफाळतं सूपही फुंकत नसे.
म्हणे, फुंकर कामाची आहे, उगाच खर्चू नये.

पिरेट फुटलेली नळी घेऊन आली तेव्हा मार्च होता,
एमायोगीवरचा बर्फ कडकडत होता.
आई-नदी म्हणतो आम्ही तिला,
पण मार्चमध्ये ती सावत्र असते.
त्याने विचारलं, "यात असतं तरी काय?"
"कोबाल्ट. आणि त्याला धरून ठेवणारं थोडं काही."
"रंग?"
ती गप्प झाली. इतक्या वर्षांत
हे कुणीच त्याला दाखवलं नव्हतं.
भांडी त्याच्याकडे यायची ती धुऊन, नाहीतर फुटून.

त्याच्या निरोपाच्या आदल्या दिवशी तिने चिमूटभर आणलं.
कुपी द्रव नायट्रोजनात बुडवली, पंप लावला,
आणि तिची मान त्याने स्वतः ज्योतीवर मिटवली,
पाकिटाची कड जिभेने मिटवावी तितक्या सहज.
आत निळं.
मी पाहिलंय ते. जवसाचं फूल
सकाळी दहाच्या आत असतं, तसं.

जूनच्या अखेरीस फोन कोठीवर आला.
"पिरेटला सांगू नकोस," म्हणाला,
"ते तपकिरी झालंय. मी मिटवलेल्या मानेतून हवा शिरली."
भिंग लावून तीन रात्री पाहिलं होतं त्याने.
रात्री कसल्या, त्या दिवसांत अंगणात पेपर वाचता येतो.
तडा सापडला नव्हता.
म्हणून तर जास्त खचला होता:
दिसलेली चूक लाजवते,
न दिसलेली झोपू देत नाही.

मी सांगितलं नाही.
सांगायला हवं होतं.
कुपी त्याने बटाट्यांच्या पेटीत टाकली, नजरेआड.

मग नोव्हेंबर. दुपारी साडेतीनला दिवे.
पुन्हा फोन, आणि बराच वेळ नुसता श्वास.
मी घाबरले; या माणसाचा श्वास मला पाठ आहे.
"निळं," तो म्हणाला. "बटाटे आणायला उतरलो होतो."

पिरेट कोट न घालता बसथांब्यापर्यंत धावली. मीही.
त्याच्या ओट्यावर, कांद्यांशेजारी, ती कुपी.
काच निर्दोष आहे, हे तिने आधी सांगितलं.
उजेडात ते आपल्याआपणच बदलतं, अंधारात परततं,
हवेचा काही संबंध नाही, हे नंतर.
त्याने पहिलं तेवढंच ऐकलं असावं.
आइमेने कॉफी ओतली, त्याने ती थंड होऊ दिली.
"किती दिवसांत परतलं?" पिरेटने विचारलं.
ते त्याला ठाऊक नव्हतं.

आता वर त्यावर तिघं काम करतात.
दिवा आहे, घड्याळ आहे, आलेख गुळगुळीत येतात.
फलकावर एक बाण वाढला, तोही वरच जातो.
पण पिरेटच्या खणात बियाण्यांच्या दुकानाचं एक कॅलेंडर आहे,
पुढच्या वर्षीचं, त्यावर जाड पेन्सिलीने:

४ मे. खिडकीत ठेवली.
९ मे. कडेने मळकट.
२० मे. तपकिरी. आइमेच्या डोळ्यांची तारीख.
२१ मे. पेटीत.
६ जुलै. अजून नाही.
२ ऑगस्ट. वाटतंय.
१९ ऑगस्ट. नुसतं वाटत नाही.
बटाटे यंदा बारीक.